पाचवी पितळी

माझ्या डाव्या पायातली चप्पल मळ्याच्या वाटेवर राहिली आणि मी घरी आले. वाटेत कळलंच नाही. दारात पाय धुवायला वाकले तर एका पायात चप्पल आणि दुसरा मोकळा, मातीनं भरलेला. तेवढ्यात मागून जाऊ आली. डोक्यावर वैरणीचा भारा, हातात माझी चप्पल.

"धाकले, ही वाटंवर टाकून आलीस व्हय?"

"तुटली म्हणून काढली," मी म्हटलं.

तिनं चप्पल उलटीसुलटी करून बघितली. अंगठा शाबूत होता, पट्टा शाबूत होता. ती काही बोलली नाही. चप्पल उंबऱ्याशी ठेवली आणि भारा टाकायला गोठ्यात गेली. ती बोलली नाही हेच मला खटकलं. एरवी तिचं तोंड मिटायचं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून एक पाऊसकाळ झाला होता. आमचं गाव इस्लामपूरच्या पलीकडे, कृष्णेच्या काठाला. माझं माहेर सातारकडचं. घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊ, तिचा मुलगा, मी आणि माझी सहा वर्षांची मुलगी. दीर साखर कारखान्यात होते. माझे मालक पलटणीत हवालदार, वर्षातून दोन महिने रजेवर यायचे. सासरे मी लग्न होऊन यायच्या आधीच गेले होते.

माझं दुखणं चप्पल निसटायच्या आधी तीन वर्षांपासूनचं. आधी सांधे धरले. सकाळी उठलं की बोटं मिटायची नाहीत, म्हशीची धार काढताना मूठ वळायची नाही. मनगटं सुजायची, कोपराच्या मागं हरभऱ्याएवढ्या गाठी आल्या होत्या. त्याला सगळे वात म्हणायचे. निरगुडीचा पाला शेकून बांधायचे. वात हे दुखणं चारचौघांत सांगता येतं. सगळ्या बायकांना थोडाफार असतो, त्यामुळे कोणी घाबरत नाही.

डाव्या पायाचं तसं नव्हतं. पायाच्या बाहेरच्या कडेला आणि वरच्या बाजूला स्पर्श कळेना. आणि कळेना म्हणावं तर आग इतकी व्हायची की पायावर पातळाचा काठ सहन व्हायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, "बधीर हाय म्हनतीस आन् रडतीस बी? दोन्ही कसं असंल?" मला तरी कुठं ठाऊक होतं? त्यांना वाटायचं मी कामाला टाळते. मग चालताना पाऊल उचलेना. पुढचा पंजा खाली लोंबायचा आणि फट् फट् वाजायचा. मी कुठं आहे हे घरभर ऐकू जायचं. बाभळीचा काटा तीन दिवस त्या पायात होता. चौथ्या दिवशी घाण वास आला तेव्हा बघितलं.

मार्गशीर्षात उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन. आमच्याकडे तव्यावरची भाकरी बाई हातानं उलटते. उलथनं लागणारी बाई म्हणजे हसण्याची गोष्ट. मी भाकरी उलटली आणि कातडं करपल्याचा वास आला. मला वाटलं जाळात चिंधी गेली. चुलीत बघते, तर बाजूला बसलेली जाऊ म्हणाली, "चुलीत काय बगतीस? हाताकडं बग." अंगठ्याला पांढरा फोड आला होता, लिंबाएवढा. दुखत नव्हता.

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनीही बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर तूर बडवत बसले होते. आत स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, सण नाही, लग्नकार्य नाही, तरी सगळी उतरंड आणि फळी खाली काढलेली. मग जाऊचा आवाज आला. ती दुसरीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून लावून वाचायची. ती माझ्या वडिलांचं नाव वाचत होती.

आमच्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव घालून घेतात. माझ्या वडिलांनी घागर, तांब्या, दोन वाट्या, पातेलं आणि पाच पितळ्या दिल्या होत्या. पितळी म्हणजे आमच्याकडचं काठाचं पितळेचं ताट. सगळ्यांच्या बुडाला वडिलांचं नाव. बाकीच्या भांड्यांवर माझ्या सासऱ्यांचं. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. त्या एकेक भांडं उचलून देत होत्या आणि जाऊ बूड बघून सांगत होती. सासऱ्यांचं नाव सून तोंडानं घेत नाही. त्यामुळे त्यांचं भांडं आलं की जाऊ नुसतं "मामंजी" म्हणायची. माझ्या वडिलांचं आलं की पूर्ण नाव, आडनावासकट, मोठ्यानं.

मी मोजत होते. घागर, तांब्या, वाटी, वाटी, पातेलं. मग पितळ्या. एक, दोन, तीन, चार. मग मामंजी, मामंजी, मामंजी. पाचवी आलीच नाही.

संध्याकाळी माझी भांडी पडवीत फडताळावर रचलेली होती. सासूबाई म्हणाल्या, "तुजी भांडी तुला बरी." बास. महारोग हा शब्द त्या घरात कोणी उच्चारला नाही. त्याची गरज नव्हती. मुलगीही त्यांच्याजवळ झोपायला गेली. तिचं अंथरूण कोणी हलवलं ते मी बघितलं नाही.

मी फडताळावर पितळ्या मोजल्या. चारच होत्या. म्हणजे पाचवी जाऊनं ठेवून घेतली. घर मला बाहेर काढायला निघालं होतं आणि ती त्यातही माझं एक भांडं मारत होती, असं मला वाटलं. तेव्हापासून तिचं काहीही मी सरळ धरलं नाही. तिनं माझ्या पितळीत वाढलेलं कालवण मी आधी मांजराला घालायचे. माझ्या अंथरुणाखाली लिंबू, टाचण्या, काही पुरलंय का म्हणून हात घालून बघायचे. एकदा टाचणी सापडली. चार दिवस मी तिच्याकडे डोळे वटारून बघत होते. मग आठवलं की ती माझ्याच पदराची.

ओढ्याच्या पलीकडे पूर्वी एक बाई खोपटात राहायची. तिला खरंच महारोग होता. घरचे लांबून भाकरी ठेवायचे. लग्नानंतर दोन वर्षं मीही ठेवली आहे. ठेवली नाही, टाकली. ती मेली तेव्हा खोपट जाळलं. आमच्या मळ्यातही एक खोपट होतं, औजारं ठेवायचं. पौषात दिरांनी त्यातली औजारं काढून घरी आणली आणि वर उसाचं नवीन पाचट घातलं. मला कोणी काही सांगितलं नाही. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "शिमग्याला धाकला येतोय. आला की काय ते ठरवू." मालक यायला अडीच महिने होते. माझी चूल घरात राहणार की मळ्यात, आणि मुलगी कोणाकडे, हे तेव्हा ठरणार होतं.

संक्रांतीला एका घरी हळदीकुंकवाला गेले तर तिथल्या बाईनं मला आगकाडीच्या मागच्या टोकानं कुंकू लावलं. तिळगूळ पाटावर ठेवून पाट माझ्याकडे सरकवला. मी तिळगूळ तिच्यादेखत खाल्ला आणि आले.

त्याच आठवड्यात महारोगाची तपासणी करणारा माणूस गावात आला. खाकी पिशवी, सायकल, वही. घरोघर विचारत फिरायचा आणि लोक त्याला दारातूनच परत पाठवायचे. आमच्या दारावरूनही तो पुढं गेला होता. जाऊ त्याच्या मागं रस्त्यापर्यंत पळाली.

"आवं सायेब, हिकडं. आमच्याकडं हाय एक."

मी आतून ऐकलं. वाटलं, झालं. आता सरकारी वहीत नाव.

त्यानं मला ओट्यावर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. कापसानं, मग टाचणीनं टोचून बघितलं. पाठ बघितली, दंड बघितले, कान चाचपले. कोपरातली शीर दाबली. गाठी बघून त्याची भुवई वर गेली. जाऊ अगदी जवळ उभी राहून बघत होती.

तो म्हणाला, "डाग कुठंच नाही. शीरही जाड लागत नाही. पण बधिरपणा आहे, गाठी आहेत. मी काही सांगू शकत नाही. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा."

"पर वहीत काय लिवलं?" जाऊनं विचारलं.

"संशयित."

सासूबाईंना तेवढा शब्द पुरला.

मिरजेला कोण नेणार? दिरांचा कारखान्याचा हंगाम चालू होता. सासूबाई म्हणाल्या, "थोरली जाईल." थोरली लगेच हो म्हणाली. हे मला अजिबात आवडलं नाही. जी बाई माझं भांडं मारून बसली होती, ती माझ्याबरोबर मिरजेला यायला इतकी तयार का? आणि सकाळी ती गाठोडं घेऊन आली ते एका दिवसाच्या मानानं मोठं होतं. इस्लामपुरात एसटीत बसल्यावर मी गाठोड्याचं टोक उचकून बघितलं. आत माझी दोन लुगडी होती. तिचं एकच.

मिरजेच्या बाजूला महारोग्यांना ठेवायची जागा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक दवाखाना दाखवायचा म्हणून आपलं माणूस न्यायचे आणि तिथं सोडून यायचे. आमच्या माहितीत दोघांना सोडलं होतं. सांगलीत गाडी बदलली. स्टँडवर ती म्हणाली, "तू हितं बस, मी जरा येते." मी तिचा पदर धरला.

"कुठं?"

"मुतायला. येतीस का सोबतीला?"

मी गेले सोबतीला. ती हसत होती. मी हसले नाही.

दवाखान्यात लांबच लांब बाक होते. आमच्या शेजारी तासगावकडचा एक म्हातारा होता, त्यानं माझ्या पायाकडे बघितलं आणि उठून दुसऱ्या बाकावर गेला. जाऊ त्याच्या जागेवर पसरून बसली. "बरं झालं, जागा झाली," म्हणाली.

डॉक्टर कर्नाटकातले, वयस्कर. मराठी बोलायचे पण हेल कानडी. त्यांनी आधी हातपाय बघितलेच नाहीत. विचारलं, "सांधे किती वर्षांपासून दुखतात?"

तोपर्यंत सांध्यांचं मला कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "तीन वर्षं. पण ते वेगळं. तो वात आहे."

"वेगळं कशावरून?"

मी कोपर पुढं केलं.

त्यांनी कोपराच्या गाठी चाचपल्या. माझी नखं खिडकीकडे धरून बघितली. नखांच्या कडेला बारीक काळे ठिपके होते, मला वाटायचं काजळी. मग त्यांनी दोन पायांचा एक लोखंडी काटा काढला. टेबलाच्या कडेला आपटला की तो गुणगुणायचा. तो माझ्या घोट्याच्या हाडावर उभा धरला.

"कळतं?"

"ऐकू येतं. पायाला कळत नाही."

उजव्या घोट्यावर धरला. तिथं मुंग्यांसारखं थरथरलं. मग पुन्हा पुन्हा, कधी इकडे, कधी तिकडे, डोळे मिटून. एकदा उजव्या पायावर ठेवला आणि मला काहीच लागेना. मी घाबरले, वाटलं हाही पाय गेला. मग डोळे उघडले.

"तुमी वाजवलाच नाही."

डॉक्टर हसले. "नाही वाजवला. काही लोक उगाच हो म्हणतात."

म्हणजे तेही मला तपासत होते, खरं बोलते का खोटं. मला राग यायला हवा होता. पण त्या दोन महिन्यांत माझ्यावरचा संशय तोंडावर बोलून दाखवणारा तो पहिला माणूस, त्यामुळे मी त्यांचं पुढचं ऐकून घेतलं.

ते म्हणाले, महारोग वाटत नाही, पण वाटण्यावर जायचं नाही. कानाच्या पाळीतून पाणी काढून तपासायचं. आणि घोट्यामागची स्पर्श कळवणारी एक शीर, जी आधीच निकामी झाली आहे, तिचा करंगळीच्या पेराएवढा तुकडा काढून बघायचा. त्यासाठी राहावं लागेल.

"किती दिवस?" मी जाऊकडे बघत विचारलं.

"आठ-दहा."

दोन लुगडी. मी तिला तिथंच विचारलं, डॉक्टरांसमोर. "अक्का, तुमाला आधीच कसं ठाऊक?"

"आमच्या चुलतीला ठिवलं हुतं न्हवं आतड्याला? मिरजंला गेलं की ठिवून घेत्यातच. आन् लुगडं सारखं बदलाय लावत्यात." ती डॉक्टरांकडे वळली. "पर हे महारोग न्हाई तर काय हाय म्हनायचं?"

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. शरीरात रोगाशी लढणारी एक ताकद असते. काही माणसांत ती उलटते आणि आपल्याच अंगाला शत्रू धरते. आधी सांध्यांवर जाते, मग कधी बारीक रक्तवाहिन्यांवर. त्या सुजतात, बंद होतात. शिरेला रक्त मिळत नाही, म्हणून शीर मरते. एक इथली, एक तिथली.

जाऊनं टेबलावर बोटानं एक रेघ ओढली. मग मला म्हणाली, "म्हंजे पाट बुजला की सरी वाळती, तसं. ऊस चांगलाच हाय, पाणी न्हाई."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले.

"आन् पाट बुजिवला कुनी? घरच्याच मानसानं."

"तेही बरोबर."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुज्या सभावावर गेलंय."

दवाखान्याच्या मागच्या आवारात नातेवाइकांना स्वयंपाक करायला दगडाच्या चुली होत्या. तुकडा काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लंगडत तिथं गेले. जाऊनं भाकरी केल्या होत्या, पिठलं केलं होतं. तिनं गाठोड्यातून दोन पितळ्या काढल्या. एक माझ्या पुढं ठेवली, फडताळावरच्या चारांतली. दुसरीत स्वतःला वाढून घेतलं.

जेवण झालं. ती राखेनं भांडी घासायला बसली. तिची पितळी तिनं उपडी घातली, आणि बुडावर माझ्या वडिलांचं नाव.

मी म्हटलं, "ही माजी."

"व्हय. तुजीच."

"पाचवी."

"मोजून ठिवलीस व्हय? मला वाटलंच."

"आत्याबाईंना काय सांगितलंत?"

"मामंजी." ती घासतच होती. "त्या काय नाव घ्यायला लावणार? आन् त्यांना काय वाचता येतंय?"

"पण का ठेवलीत?"

"जड हाय. काठ बग की कसा हाय. आमच्या घरातल्या सगळ्या पत्र्यासारख्या. तुला चार काय कमी पडल्या?"

"मला महारोग आहे म्हणतात, आणि तुम्ही माझ्या ताटात जेवता?"

"रोज जेवती. मार्गशीर्षापास्नं." तिनं पितळी धुऊन उभी टेकवली. "मला काय झालंय व्हय?"

मग मी तपासणीवाल्याचं विचारलं. त्याला का बोलावलं? ती म्हणाली, "गावात कुजबुज करन्यापरीस येकदा कुनीतरी लिवून ठिवू दे म्हनलं. हो तर हो, न्हाई तर न्हाई. त्यो बी शाना, मदलंच लिवून गेला."

मला तिचं पटलं, असं मी म्हणणार नाही. ऐकायला सगळं सरळ होतं. पण सरळ बोलणारं माणूस खोटं बोलत नाही असं थोडंच आहे?

कानाच्या पाण्यात काही निघालं नाही. तुकड्याचं कळायला तीन आठवडे लागले. तोपर्यंत आम्ही घरी आलो होतो. मी पडवीत, चार पितळ्या फडताळावर. जाऊ पुन्हा एकटी गाडीनं मिरजेला जाऊन कागद घेऊन आली, इंग्रजीत टाइप केलेला. गोळ्याही घेऊन आली, सकाळी दुधाबरोबर घ्यायच्या. त्या गोळ्यांनी आग कमी झाली, सांधे सुटले, आणि तोंड भोपळ्यासारखं सुजलं. बायका म्हणायला लागल्या, "पडवीत बसून बरं खायाला मिळतंय जनू."

कागद कोणाला वाचता येईना. दीर सातवी झालेले, पण मराठीत. तो पेटीत ठेवला, मालक येईपर्यंत.

शिमग्याच्या दोन दिवस आधी ते आले. सासूबाईंनी त्यांना दारातच गाठलं, पाणी द्यायच्या आधी. मळ्यातलं खोपट तयार आहे, पाचट नवं आहे, पोरगी माझ्याजवळ राहील, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मालक पडवीत आले. माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघितलं, हाताकडे बघितलं. हात धरला नाही. मी त्याचं दुःख केलं नाही, पण लक्षात ठेवलं.

"कागद आहे," मी म्हटलं.

त्यांनी कागद घेतला. पलटणीत राहून त्यांना कामापुरतं इंग्रजी येत होतं. ओळीवर बोट ठेवून त्यांनी वाचला, दोनदा. म्हणाले, "महारोग नाही असं लिहिलंय."

"लिवलंय की," सासूबाई म्हणाल्या. "कागदाला काय, लिवंल तसं. सरकारच्या मानसानं संशयित लिवलंय, त्ये बी कागदच. डाक्टर काय हितं आपल्या ताटात जेवाय येनार हाय?"

मालकांनी कागदाची घडी घातली. दीर खांबाला टेकून उभे होते. तेव्हा मला वाटलं, हे घर आज मला मळ्यात घालवणार. मी मनात म्हटलं, जाते, पण मुलीला घेऊन जाते. खुरपं कुठं आहे ते मी डोळ्यांनी शोधलं होतं, हे आज सांगायला हरकत नाही.

जाऊ आत गेली. येताना हातात पितळी. ती सासूबाईंच्या पुढ्यात उपडी आपटली, तिचा ठण्णकन आवाज झाला.

"भावजी, वाचा."

मालकांनी वाकून वाचलं. माझ्या वडिलांचं नाव, आडनावासकट, मोठ्यानं.

"ही मामंजींची न्हाई?" सासूबाई म्हणाल्या.

"न्हाई. मी तुमास्नी खोटं सांगितलं. तीन म्हैनं झालं मी ह्यात जेवती. ह्ये बी जेवल्यात." दिरांनी खांब सोडला. "आन् आत्ती, तुमी बी. येकादशी सोडायला तुमाला हीच लागती न्हवं, काठाची म्हनून? डाक्टर न्हाई जेवला. आपुन जेवलोय."

मग सासूबाईंनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्या उठल्या, कणगीतून मूठभर जोंधळा काढून आणला, खाली बसल्या, डोळे मिटले आणि एकेक दाणा बोटांत घेऊन फिरवू लागल्या. अंगठ्यानं, मग करंगळीनं. मग डावा हात. मग पायाच्या अंगठ्याला चिमटा घेतला आणि ओरडल्या.

"लागलं का?" जाऊनं विचारलं.

"गप बस, भवाने!"

आठ दिवस त्या जोंधळा घेऊन बसायच्या. तपासायच्या, कोणी बघितलं की दाणे तोंडात टाकायच्या. मला कोणी मळ्यात जा म्हटलं नाही, घरात ये असंही म्हटलं नाही. मालकांनी त्या आठ दिवसांत चांभाराकडून माझ्या पायाला चामड्याचा पट्टा करून आणला, पंजा वर धरून ठेवणारा. नवव्या दिवशी सकाळी सासूबाई पडवीत आल्या, माझी घागर उचलली आणि आत नेऊन पाण्याच्या घागरींच्या रांगेत ठेवली. जाताना म्हणाल्या, "भाकरी करायला ये. हातानं उलटू नकोस, उलथनं घे." त्या रात्री मुलगी माझ्याजवळ झोपली. खोपटात औजारं परत गेली.

मिरजेच्या डॉक्टरांच्या कागदानं मी घरात राहिले नाही. जाऊच्या खोटं बोलण्यानं राहिले. हे मला मान्य आहे.

पण एक गोष्ट मला सुटली नाही. पुढं वर्षभरानं आम्ही नदीवर गोधड्या धुवायला गेलो होतो. मी तिला विचारलं, "अक्का, खरं सांगा. मला खरंच महारोग असता तर?"

ती गोधडी आपटत म्हणाली, "असता तर आत्तीला बी झाला असता."

आणि हसली. त्या घरात ती माझ्या आधी दहा वर्षं आलेली. त्या दहा वर्षांत सासूबाईंनी तिचं काय केलं होतं ते मला थोडंफार ठाऊक होतं. एकादशी सोडायला त्यांना काठाची पितळी आवडते हे तिलाही ठाऊक होतं. तिला महारोग वाटत नव्हता म्हणून ती त्यात जेवली, की पितळी जड होती म्हणून, की दुसरंच काही मनात होतं? मी तिला पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं तिन्ही उत्तरं दिली असती, आणि तिन्ही हसत.

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. सासूबाई त्याच्याही आधी गेल्या, म्हातारपणानं, दाही बोटं शाबूत. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं अजून मुकी आहेत. आंघोळीचं पाणी मी कोपरानं बघते. चप्पल पायात आहे का, हे दर दहा पावलांवर खाली बघून खात्री करते. सवयच झाली आहे, आणि माझ्या स्वभावाला ती जुळते.

पाचवी पितळी जाऊच्या सुनेकडे आहे. मागच्या दिवाळीला गेले तर तिनं मला त्याच पितळीत वाढलं. तिला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. जेवण झाल्यावर मी ती उपडी करून बघितली, वडिलांचं नाव घासून घासून अर्धं गेलं आहे. मी ती मागितली नाही. दिली असं मी कधी म्हटलेलं नाही, चोरली असंही म्हणवत नाही. घरी आल्यावर फडताळावरच्या मोजल्या. चार.